खणातील शिल्लक



दुकानात किती थान, किती डझन आणि किती नग शिल्लक आहेत, हे आपल्यापैकी कोणालाही झोपेतून उठवून विचारावे. उत्तर दोन-चार नगांच्या फरकाने बरोबर येईल. पण घरच्या कपाटातील सर्वांत खालच्या खणात काय आहे, असे विचारले तर? गेल्या वैशाखापर्यंत मलाही ते सांगता आले नसते.

वैशाखात सासूबाई गेल्या. महिनाभराने त्यांचे कपाट आवरण्याचे काम जाऊबाईंकडे आणि माझ्याकडे आले. साड्यांची वाटणी सोपी होती. कोणती कोणाला द्यायची हे त्यांनीच वेळोवेळी बोलून ठेवले होते. शेवटी खालचा खण उघडला. त्यात वर्तमानपत्राच्या कागदाखाली आतल्या कपड्यांचे दोन गठ्ठे होते. पहिला रोजच्या वापरातला : जाळी झालेले, इलॅस्टिक गेल्यावर नाडी ओवलेले, दोन ठिकाणी ठिगळ लावलेले. दुसरा गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत होता. चौदा नग, एकही वापरलेला नव्हता. सगळे आमच्याच दुकानातले, आणि एका पिशवीवर दुकानाचा जुना पाच आकडी दूरध्वनी क्रमांक छापलेला.

"दवाखान्यात जायची वेळ आली तर अंगावर धड असावे," असे त्या म्हणत, हे जाऊबाईंना आठवले. दवाखान्यात जाण्याची वेळ आलीच नाही. त्या पहाटे झोपेतच गेल्या.

होजिअरी विकणाऱ्या घरातील कर्ती स्त्री आयुष्यभर फाटके नेसली आणि नवे डॉक्टरांसाठी राखून ठेवले, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. तिला साधेपणा म्हणावे असे वाटत नाही. साधेपणात निवड असते. इथे निवड नव्हती. जे कोणाला दिसत नाही त्यावर स्वतःसाठी खर्च कशाला, एवढीच जुनी सवय होती. त्यामुळे 'कपडे कमी करा' हा हल्लीचा उपदेश आपल्या घरांत सांगताना तो कोणाला सांगतो आहोत हे पाहावे लागते. कोणी खरोखर कमी करायचे असते, आणि कोणी आधी धड वापरायला शिकायचे असते. बहुतेक खणांत दोन्ही रोग एकत्र नांदतात.

त्या रात्री मी माझा खण पलंगावर रिकामा केला. एकतीस नग निघाले. त्यांपैकी नित्य वापरात सात. उरलेल्यांत काही तंग झालेले, काही सवलतीच्या पाकिटात 'तीनावर एक' म्हणून आलेले, काही लग्नकार्यात एकदा वापरून ठेवलेले, आणि पाच माझेही 'राखून ठेवलेले'. व्यापाराच्या भाषेत चोवीस नगांचा डेड स्टॉक! दुकानात अशा मालावर व्याज चढते म्हणून आपण अस्वस्थ होतो. घरात तो वर्षानुवर्षे पडून राहतो आणि कोणाची झोप उडत नाही.

हा विषय येथे मांडावा की नाही, असे काही दिवस मनात घोळत होते. मग उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची आठवण झाली. वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ. चार कोटी सुवर्णमुद्रा निधीत, चार कोटी व्यापारात, चार कोटी घरसंसारात; चाळीस हजार गाई; पाचशे गाड्या परदेशच्या व्यापारासाठी आणि पाचशे मालवाहतुकीसाठी. त्याने भगवान महावीरांपुढे श्रावकव्रते घेतली, तेव्हा केवळ सोन्याची आणि जमिनीची मर्यादा सांगून तो थांबला नाही. दात कशाने घासीन, अंग कोणत्या वस्त्राने पुशीन, नेसायला काय ठेवीन, हेही त्याने नेमून घेतले. अंग पुसण्यास एक सुगंधित काषाय वस्त्र आणि नेसण्यास क्षौम वस्त्रांची एक जोडी. हजार गाड्यांचा धनी आपल्या अंगपुसण्याचा हिशेब भगवंतांपुढे देतो, तर आपल्या खणाचा हिशेब येथे देण्यात संकोच कसला?

परिग्रहपरिमाणात शेत, घर, सोने, धान्य यांच्याबरोबर 'कुप्य' हेही सदर आहे, आणि टीकाकारांनी त्यात सुती-रेशमी वस्त्रे धरली आहेत. श्वेतांबर परंपरेतील रोजच्या चौदा नियमांतही वस्त्र आहे. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात भोग आणि उपभोग वेगळे केले : एकदा भोगून संपते तो भोग, पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग; अन्न पहिल्यात, वस्त्र दुसऱ्यात. आज प्रवासासाठी एकदा घालून टाकून देण्याचे आतले कपडे पाकिटात मिळतात. आणि चार धुण्यांत सैल पडणारा स्वस्त नग तरी काय वेगळा? वस्त्राला आपण हळूहळू भोगाच्या सदरात लोटत आहोत.

लंगोटीची लोककथा सर्वांना ठाऊक आहे. उंदीर लंगोटी कुरतडतात म्हणून साधूने मांजर पाळले, मांजरासाठी गाय, गाईसाठी शेत, आणि पुढे सगळा संसार. कथेतल्या परिग्रहाची सुरुवात आतल्या वस्त्रापासूनच व्हावी, याची मला आता गंमत वाटते. (आमच्याकडे मांजराऐवजी नवे कपाट आले होते.)

हिंसेचा हिशेबही येथेच मांडावा लागतो. रेशमाबाबत आपण जागरूक असतो, पण सुती म्हणजे निर्दोष असे मानून मोकळे होतो. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २७०० लिटर पाणी लागते, असा आकडा सर्वत्र सांगितला जातो. आपल्या भागातील कापूस बहुतांशी कोरडवाहू, त्यामुळे तो आकडा इथे जसाच्या तसा लावणे मला पटत नाही. आपला हिशेब वेगळा आणि अधिक जवळचा आहे. २०१७ च्या खरिपात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. आमच्या दुकानात उधारीवर कपडे नेणारी माणसे याच शिवारांतली. पुढे विणकाम आणि रंगाई. बनियनांचे मोठे केंद्र तमिळनाडूतील तिरुप्पूर. तेथील रंगाईच्या सांडपाण्याने नोय्यल नदी इतकी नासली की २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. त्यानंतर सांडपाणी बाहेर न सोडण्याच्या अटीवर व्यवसाय पुन्हा उभा राहिला. माझ्या खणातील न वापरलेल्या चोवीस नगांनी यातले सर्व काही घेतले होते आणि कोणाचे अंगही झाकले नव्हते.

मग किती असावेत? मी उमरखेडच्या हवामानावरून हिशेब केला. उन्हाळ्यात घामामुळे दिवसाला दोन लागतात, पण सकाळी धुतलेले दुपारपर्यंत वाळते. आषाढ-श्रावणात दिवसाला एक पुरतो, मात्र वाळायला दोन-दोन दिवस लागतात. प्रवास आणि मासिक पाळी धरून प्रत्येक प्रकाराचे आठ नग पुरेसे झाले. घरच्या पुरुषांना सहा बनियन पुरतात, असे माझे मत आहे. त्यांचे मत दहा होते, तडजोड आठावर झाली. संख्या घरागणिक बदलेल. एक ठरावे लागते : नवा आल्यावर जुना बाहेर, आणि राखून ठेवणे बंद.

कमी नग ठेवायचे तर ते नीट वाळले पाहिजेत, आणि येथेच आपल्या घरांतील स्त्रियांची अडचण आहे. आपण आपले आतले कपडे दोरीवर साडीखाली, परकराखाली लपवतो. ऊन लागत नाही, वारा लागत नाही. ते दमट राहतात, तसेच अंगावर चढतात आणि मग खाज, बुरशी. ओले वस्त्र गुंडाळून ठेवू नये, त्यात जीव उत्पन्न होतात, हे सासूबाईंनीच मला शिकवले; पण हा नियम स्वतःच्या आतल्या कपड्यांना त्यांनी कधी लावला नाही. आम्ही आता गच्चीच्या मागच्या बाजूला एक वेगळी दोरी बांधली आहे. सुती कपडे थेट उन्हात. ताणाचे कपडे सावलीत, मोकळ्या वाऱ्यावर, कारण इलॅस्टिकला आपले मे महिन्याचे ऊन आणि कढत पाणी दोन्ही मानवत नाहीत. पहिले आठ दिवस संकोच वाटला. शेजारच्या भाभींनी काय ते पाहिले असेलच. पुढच्या महिन्यात त्यांच्याही गच्चीवर दोरी आली.

जुन्यांचे काय करावे, या बाबतीत माझ्याकडून पूर्वी एक चूक झाली आहे. एकदा पूरग्रस्तांसाठी कपडे गोळा होत असताना मी वापरलेले आतले कपडेही धुऊन गाठोड्यात घातले. निवड करणाऱ्या बाईंनी काही न बोलता ते वेगळे काढले आणि माझ्याकडे परत दिले. त्यांचे गप्प राहणे मला अजून आठवते. वापरलेले आतले वस्त्र दान होऊ शकत नाही. उलट पुरात सर्वस्व वाहून गेलेल्या बाईला हेच वस्त्र नवे, मापाचे हवे असते, आणि साड्यांच्या ढिगात तेच कोणी घालत नाही. पुढच्या वेळी दुकानातून मापवार बंद पाकिटे देण्याचे आम्ही ठरवले आहे.

सासूबाईंचे चौदा नग, वीस वर्षे आमच्याकडे कामाला असलेल्या मावशींच्या मापाचे होते. पाकिटे हाती घेऊन त्या बराच वेळ उलटसुलट करून पाहत राहिल्या. "घातलंच नाही का वो आजीनं हे कधी?" एवढेच त्यांनी विचारले.

दुकानाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. "सगळ्यांनी तुझे ऐकले तर मी काय विकू?" असे यांनी विचारले, आणि ते काही थट्टेत नव्हते. मी म्हटले, दोन महिन्यांत विरणारे तीन विकण्यापेक्षा दोन वर्षे टिकणारा एक विका. यांचे म्हणणे, गिऱ्हाईक दुकानात किंमत विचारते, दोन वर्षांनी काय होईल ते विचारत नाही. आणि समोरच्या दुकानात 'तीनावर एक' चालूच आहे. यंदा आमच्या दुकानातही तो फलक लागला. मात्र त्याच्या शेजारी जाड सुती मालाची एक वेगळी मांडणी केली आहे. तिची विक्री बेताचीच आहे.

माझ्या खणातील पाच राखीव नगांपैकी चार आता वापरात आले. तंग झालेल्यांतून सुती भाग कापून ओट्याची फडकी व पायपुसणी झाली. कृत्रिम धाग्याचे कापड मातीत कुजत नाही, म्हणून त्याच्या चिंध्या एका उशीत भरल्या. इलॅस्टिकच्या पट्ट्या काढून धुऊन दुकानात पाठवल्या आहेत. पावतीपुस्तकांचे गठ्ठे बांधायला नोकर त्याच वापरतात.