दिंडोरीची सभा आता कुठे भरते?

पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन झाले, मुलांना खाऊ वाटून झाला, की खेड्यात एक काम उरते. ते म्हणजे ग्रामसभा. दिंडोरी तालुक्यातल्या लहान गावांना हे काम आजही चुकत नाही. खुद्द दिंडोरीत मात्र झेंड्याखालून लोक थेट घरी जातात, कारण दिंडोरी आता कागदोपत्री गाव राहिलेली नाही. २०१४ नंतर राज्यातल्या तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती होऊ लागल्या, त्यात तिलाही बढती मिळाली. सरपंच जाऊन नगराध्यक्ष आले, ग्रामसेवक जाऊन मुख्याधिकारी, आणि १७ नगरसेवक. बढतीबरोबर हातातले काहीतरी जातेच, हे मी बँकेच्या नोकरीत अनुभवले आहे. दिंडोरीच्या हातून ग्रामसभा गेली.

ग्रामसभेचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. दहा-बारा माणसे जमायची आणि गणपूर्तीसाठी रजिस्टर घरोघर फिरायचे, हे कोणाला ठाऊक नाही? पण एखादी म्हातारी उठून ‘आमच्या नळाला पाणी का नाही?’ असे विचारू शकत होती आणि तिचा प्रश्न इतिवृत्तात लिहावा लागे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या, पण त्यांची सक्ती तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांनाच. म्हणजे खेड्याला ग्रामसभा, मोठ्या शहराला निदान कागदावर प्रभाग समिती, आणि मधल्या दिंडोरीला दोन्ही नाही.

सभेवाचून बाजारपेठेचे काय अडले, असे कोणी म्हणेल. अडले ते असे. नाशिक इथून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर. तालुक्यातल्या द्राक्षांचा आणि टोमॅटोचा पैसा हातात आला की खरेदीला गाडी नाशिकचा रस्ता धरते. गावच्या पेठेत उरतात ती रोजच्या नडीची गिऱ्हाइके. अशा पेठेला उभारी द्यायची म्हटले की सगळीकडे एकच औषध दिले जाते. रस्ता रुंद करा, पेव्हर ब्लॉक बसवा, वेशीवर कमान उभारा आणि व्यापारी संकुल बांधा. त्या संकुलाच्या वरच्या मजल्यावरचे गाळे वर्षानुवर्षे कुलूपबंद राहतात. आणि पाड्यांवरून जीपने येऊन दिवस मावळेपर्यंत भाजीची पाटी घेऊन उन्हात बसणारी बाई? तिला सावली हवी, प्यायला पाणी हवे, आणि सर्वांत आधी हवे दार लागणारे स्वच्छतागृह. याच पेठेत मी एकदा एका भाजीवालीला विचारले, ‘मावशी, दिवसभरात पाणी किती पिता?’ ती म्हणाली, ‘पीतच नाही दादा.’ हे वाक्य कुठल्याही नकाशावर सापडत नाही.

मी हे दुसऱ्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. १९८९ मध्ये बँकांना सेवा क्षेत्र योजना लागू झाली. प्रत्येक ग्रामीण शाखेकडे पंधरा ते पंचवीस गावे, गावोगाव पाहणी करायची आणि त्यावरून कर्जाचा आराखडा बांधायचा. मी तेव्हा एका शाखेत तरुण अधिकारी होतो. मार्चअखेरीची घाई होती. त्यातल्या निम्म्या गावांची ‘पाहणी’ मी पंख्याखाली बसून, तलाठ्याच्या आकड्यांवरून केली. एका गावात शिलाई यंत्रांसाठी कर्जे मांडली. पुढे तिथे गेलो तेव्हा कळले, गावात एकच शिंपी, तोही म्हातारा, आणि त्याचे यंत्र ठणठणीत. फायलीत मात्र ती योजना सुबक दिसत होती.

याच तालुक्यात याच्या उलटही घडले आहे. वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात, त्याचा कालवा निफाड तालुक्यातल्या ओझरपर्यंत जातो. शेवटाकडच्या शेतांना सरकारी हिशेबात पाणी होते, शेतात नव्हते. १९९० च्या सुमारास बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने तिथल्या शेतकऱ्यांना एकत्र बसवले. तीन पाणी वापर संस्था झाल्या. मोजून पाणी घ्यायचे, मोजून पैसे भरायचे, पीक कोणते ते आपले आपण ठरवायचे. बैठकांत भांडणेही झाली असतील. पाण्याचा प्रश्न आहे, दुसरे काय होणार! पण संस्था वाढत गेल्या आणि २००३ मध्ये साऱ्या प्रकल्पाचा महासंघ उभा राहिला. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा राज्याचा कायदा त्यानंतर, २००५ मध्ये आला. ज्यांना कालव्याचा हिशेब जमला, त्यांच्या शेजाऱ्यांना चारशे पावलांच्या पेठेचा जमणार नाही?

कायद्याची दारेही पुरती बंद नाहीत. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. पण तोवर रेघा मारून झालेल्या असतात, आणि हरकत घेतो तो ज्याच्या भिंतीवरून रेघ गेली आहे तोच. त्याहून उपयोगी आहे २०१४ चा पथविक्रेता कायदा. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या, त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. पन्नास वर्षांहून जुना नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असेही त्यात आहे. आपला बाजार किती जुना, हे सांगणारी माणसे गावात अजून आहेत. त्यांना विचारून लिहून ठेवायला एक वही आणि दोन कॉलेजची मुले पुरेत.

सभा बोलवायला तरी परवानगी कशाला? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची खेड्यांतली पद्धत इथेही ठेवावी. शाळेच्या पटांगणात पेठेचा मोठा नकाशा जमिनीवर पसरावा, भिंतीवर नको, म्हणजे सगळ्यांना वाकून बोट ठेवता येईल. नगरसेवकांना बोलवावे, पण खुर्ची सतरंजीवर बसणाऱ्यांच्या शेवटी मांडावी. दुकानदार, जीपवाले, सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुली, सप्तशृंगीच्या पदयात्रेत दरवर्षी इथे थांबणारे भाविकसुद्धा, ज्याला त्या रस्त्याशी देणेघेणे आहे त्या प्रत्येकाने यावे. आणि बाजाराचा दिवस टाळावा. त्या दिवशी भाजीवाल्या पाटी सोडून येणार नाहीत, आणि संध्याकाळची जीप त्यांच्यासाठी थांबत नाही.