साठवणीच्या विजेचा हिशेब

गोव्यातील कारापूरसारख्या गावात छपरावर बसवलेले सौर पॅनेल भर दुपारी वीज देतात, मात्र मागणी चढते ती दिवेलागणीला. ही तफावत भरणारी बॅटरी-साठवण, म्हणजे ग्रिडला जोडलेला लिथियम-आयन घटांचा मोठा संच, बहुतांश वीज बाहेरून घेणाऱ्या गोव्याला उपयोगाची खरीच. केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ४,००० मेगावॅट-तास साठवणीसाठी व्यवहार्यता तफावत निधी, म्हणजे भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंतचे अर्थसाहाय्य, मंजूर केला. परंतु साठवलेल्या विजेतील सुमारे १५ टक्के वीज साठवणीच्या प्रक्रियेतच खर्ची पडते आणि घट वर्षागणिक झिजत जातात (उद्घाटनाच्या फलकावर हे कोणी लिहीत नाही), म्हणून निविदेतील दरावर हुरळून न जाता, संध्याकाळी प्रत्यक्ष परत मिळालेल्या युनिटमागे सरकारी तिजोरीतून किती रुपये गेले, हे वीज खात्याने दरवर्षी जाहीर करावे.