पडद्यामागची शाळा
आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव म्हणजे केवळ पारितोषिके, हा समज अपुरा आहे. नवोदित दिग्दर्शकासाठी महोत्सवांचे खरे मोल तेथील कार्यशाळांत आणि सहनिर्मिती बाजारात, म्हणजे निरनिराळ्या देशांतील निर्माते एकाच चित्रपटात भांडवल घालण्याची बोलणी करतात त्या व्यवस्थेत असते. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट २०१४ साली व्हेनिसमध्ये गौरवला गेल्यानंतर रोलेक्स या घड्याळ कंपनीच्या गुरू-शिष्य उपक्रमातून त्यांना मेक्सिकन दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन यांचे मार्गदर्शन लाभले आणि पुढे क्वारोनच ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या चित्रपटाचे कार्यकारी निर्माते झाले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी परतलेल्या तरुणाची कथा सांगणारा रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ व्हेनिसच्या बिएनाले कॉलेज या प्रशिक्षण उपक्रमातून पुढे आला आणि २०२५ साली सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवून गेला. गोव्यात २००७ पासून भरणाऱ्या ‘फिल्म बाजार’ या सहनिर्मिती बाजारामुळे हा मार्ग देशातही खुला आहे. मात्र भंडारा रोड रेल्वे स्थानक असलेल्या वरठीसारख्या गावात, पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीच्या प्रदेशात, कथांची वाण नसली तरी माहिती आणि प्रवासखर्च यांची अडचण मोठी असते, म्हणून शासनाने व विद्यापीठांनी या भागात नियमित पटकथा-शिबिरे भरवावीत आणि निवडल्या गेलेल्यांचा खर्च उचलावा.