तर्री कमी, चव तीच

रक्तदाब किंवा मधुमेह निघाला, की आमच्या एरंडोलचा माणूस गोळ्यांची नावे नंतर विचारतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, "डाक्टरसाहेब, आते शेवभाजी बी बंद का?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव असा जाणारा हा महामार्ग पूर्वी ६ क्रमांकाचा होता, आता ५३ क्रमांकाचा आहे. त्याच्या कडेच्या ढाब्यांवरची लालभडक शेवभाजी हा खान्देशी माणसाचा जिव्हाळ्याचा विषय आहे.

हल्ली तीच भाजी घरी करण्याची हौस वाढली आहे. हौस चांगली आहे. पण ढाब्याची नक्कल करताना घरोघरी तर्रीचीच नक्कल होते. रश्श्यावर बोटभर तेल तरंगले नाही तर भाजी फसली असे वाटते. शिवाय "घरचे आहे, खायला काय हरकत?" म्हणून ढाब्यावर महिन्यातून एकदा होणारी गोष्ट घरात आठवड्यातून दोनदा होते. माझे स्पष्ट मत असे, की तेल तेवढेच असेल तर घरची शेवभाजी ढाब्यावरच्यापेक्षा जास्त घातक, कारण ती जास्त वेळा खाल्ली जाते.

थोडा हिशोब पाहा. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेलातून सुमारे १२० कॅलरी मिळतात. एका पातळ पोळीहून त्या कमी नाहीत. शेव स्वतःच तळलेली असते. तिच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तेल असते. मिठाचेही तसेच. मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक लहान चमचा मीठ पुरे. इथे शेवेत मीठ, रश्श्यात मीठ, सोबत पापड, लोणचे आणि ठेचा. एका जेवणातच दिवसाचा वाटा संपतो.

मग चव कशी आणायची? शेवभाजीची खरी चव भाजणीत आहे. मिरचीचा लाल रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात उतरतो. म्हणून तर्री लाल दिसते. पण रंग उतरायला थोडे तेलही पुरते. चार माणसांसाठी दोन मोठे चमचे तेल मोजून घ्यावे. मोजून, बाटलीतून ओतून नव्हे. दोन कांदे आणि अर्धी वाटी सुके खोबरे कोरडेच खरपूस भाजावे. लसूण, आले, कोथिंबीर घालून बारीक वाटावे. खोबऱ्यात स्वतःचे तेल भरपूर असते, हे विसरू नये. वाटण मंद आचेवर परतावे. खाली लागू लागले तर तेलाऐवजी पाण्याचा हबका मारावा. मग काळा मसाला आणि कमी तिखट पण रंगदार मिरचीची पूड घालून गरम पाणी ओतावे आणि रस्सा दहा मिनिटे उकळू द्यावा. मीठ बेताचे, कारण शेवेचा खारटपणा पुढे उतरणारच आहे. शेव ताटलीत मूठभर घेऊन वर रस्सा घालावा, म्हणजे ती मऊ पडून गिचका होत नाही. सोबत ज्वारीची भाकरी आणि कांदा. तिखट लागलेच तर पाण्यापेक्षा दही किंवा ताक बरे, कारण मिरचीचा तिखटपणा पाण्याने धुतला जात नाही.

आणखी एक गोष्ट. पुऱ्या, भजी तळून उरलेले काळपट तेल फोडणीला पुन्हा पुन्हा वापरू नये. १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात खराब घटक २५ टक्क्यांच्या वर गेले, तर ते वापरू नये असा सरकारी नियम आहे. तो खाद्यव्यावसायिकांसाठी आहे. आपल्या कढईवर नजर ठेवायला निरीक्षक येणार नाही. तेल गडद, चिकट झाले किंवा लवकर धुरावू लागले, की ते टाकून द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी बाजारातले "कमी सोडियमचे" मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यात पोटॅशियम असते.

शेवटी घरातल्या मंडळींना एक सांगणे आहे. रुग्णासाठी वेगळे फिके पातेले आणि बाकीच्यांना तर्री, हा प्रकार बंद करा. समोर सगळे भुरके मारत असताना एकट्याने दुधी गिळायचा, हे पथ्य चार दिवसांवर टिकत नाही. मग तो माणूस पद्मालयाला जातो म्हणून निघतो आणि ढाब्यावर बसतो. त्यापेक्षा एकच पातेले ठेवा, तेल मोजून घाला आणि पंधरा दिवसांतून एकदा सर्वांनी मिळून खा. रुग्णाचे पथ्यही सांभाळले जाईल आणि घरातल्या तरुणांच्या हृदयाचीही काळजी वेळेत घेतली जाईल.