सांबाला कुणी विचारलंच नाही
गॅदरिंग असो, लग्नाचं संगीत असो की गणपतीचा मांडव, माईक हातात आला की कुणीतरी गब्बर होतोच. घसा खरवडून आधी सांबाला हाक मारायची आणि मग दरडावून विचारायचं, माणसं किती होती? हमखास टाळ्या.

‘शोले’त मात्र गब्बर हे सांबाला विचारतच नाही. तो विचारतो ते मार खाऊन परतलेल्या कालियाला आणि त्याच्या दोन साथीदारांना. कालिया म्हणजे आपले विजू खोटे. वर खडकावर बसलेल्या सांबाला विचारलंय ते सरकारने लावलेल्या इनामाबद्दल. पन्नास हजारांचा आकडा सांगण्यापलीकडे मॅक मोहनला त्या प्रसंगात काम नाही.

हे बोलून दाखवलं की लोक चिडतात. “मी मिनर्व्हाला बघितलाय, मला शिकवू नकोस,” असं आमच्या ओळखीच्या एका काकांनी सुनावलं. मोबाइलवर तो प्रसंगच लावून दाखवला. शांतपणे पाहून म्हणाले, “यात कापलेला दिसतोय.” मी हात टेकले.

माझा तर्क असा, की १५ ऑगस्ट १९७५ला आलेला हा सिनेमा आपण जितका पाहिला त्याहून जास्त ऐकला. पॉलिडोरने त्याच्या संवादांच्या तबकड्या काढल्या आणि त्या मांडवामांडवात कर्ण्यावर वाजल्या. कर्ण्यातून कोण उभं आहे आणि कोण खडकावर बसलंय, हे थोडंच दिसतं? त्यात नक्कल करणाऱ्याची सोय. नुसता प्रश्न टाकला तर अर्धं सभागृह बघत बसेल. सांबाला हाक मारली की गब्बर लगेच हजर. दोन वाक्यांचं कलम झालं आणि तेच रुजलं.

काकांचं दुसरं म्हणणं, ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला संपवतो ते त्यांनी मिनर्व्हातच पाहिलं. तो शेवट चित्रित झाला होता खरा, पण आणीबाणीतल्या सेन्सॉरमुळे बदलावा लागला आणि थिएटरात ऐनवेळी पोलीस आले. मूळ शेवट पुढे व्हिडिओ कॅसेटवर फिरला. काकांनी तो कुणाच्या तरी दिवाणखान्यात पाहिला असणार आणि नंतर बाल्कनीत नेऊन बसवला असणार.

हाच मूळ शेवट जून २०२५मध्ये जीर्णोद्धार केलेल्या प्रतीसह मोठ्या पडद्यावर दाखवला गेला, तो इटलीतल्या बोलोन्या शहरात. योगायोग बघा, चुकीच्या सामूहिक आठवणीचं माझ्या माहितीतलं सगळ्यात चोख उदाहरण याच गावचं आहे. २ ऑगस्ट १९८० रोजी तिथल्या रेल्वे स्थानकात बॉम्बस्फोट होऊन ८५ माणसं गेली. स्थानकाचं घड्याळ १०.२५ला थांबलं. ते लवकरच दुरुस्त झालं आणि १९९६पर्यंत चाललं. मग पुन्हा बिघडलं, तेव्हा स्मारक म्हणून काटे कायमचे १०.२५वर ठेवण्यात आले.

पुढे संशोधकांनी स्थानिकांना विचारलं, तर दहांतल्या सुमारे नऊ जणांनी सांगितलं की स्फोटानंतर घड्याळ कधी चाललंच नाही. बहुतेकांनी तर ते सतत बंद असलेलं डोळ्यांनी पाहिल्याचंही सांगितलं. त्यांत रेल्वेचे कर्मचारीही होते. त्याच घड्याळावर नजर टाकून यांनी गाड्या सोडल्या असतील, ड्यूट्या संपवल्या असतील! पण छापून येत राहिलं ते थांबलेलं घड्याळ. चालत्या घड्याळाचा फोटो कोण कशाला काढेल?