हेडलीला अभय, मुंबईला शोकसंदेश

राणा आला! १० एप्रिल २०२५ रोजी २००८ च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याला घेऊन विमान दिल्लीत उतरले आणि वाहिन्यांनी दिवाळी साजरी केली. मैत्रीचा विजय, मुत्सद्देगिरीचा विजय, बदललेल्या भारताचा विजय! विजयांची मोजदाद चालू असताना कोणी विचारले नाही की हा माणूस इतकी वर्षे कोठे होता आणि त्याला कोणी ठेवून घेतले होते. २००९ मध्ये शिकागोत पकडलेला राणा. २०११ मध्ये अमेरिकी ज्यूरीने त्याला मुंबईच्या हल्ल्याच्या आरोपातून मुक्त केले. डेन्मार्कमधल्या, न घडलेल्या हल्ल्याच्या कटासाठी आणि लष्कर-ए-तैयबाला केलेल्या मदतीसाठी मात्र त्याला दोषी ठरवले आणि २०१३ मध्ये १४ वर्षांची शिक्षा दिली. म्हणजे कोपनहेगनमध्ये सांडू शकले असते त्या रक्ताचा हिशेब झाला, मुंबईत सांडलेल्या रक्ताचा नाही. २०२० मध्ये आजारपणाचे कारण दाखवून त्याची शिक्षाही आवरती घेतली गेली. त्यानंतर भारताच्या मागणीवरून पुन्हा अटक, आणि पुढची जवळजवळ पाच वर्षे एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात. रस काढून घेतलेले उसाचे चिपाड शेजाऱ्याच्या अंगणात टाकावे तसा राणा आमच्याकडे आला, आणि आम्ही त्या चिपाडाला गूळ समजून पेढे वाटले!

रस कोठे आहे? रस डेव्हिड कोलमन हेडली नावाच्या माणसात आहे, आणि तो अमेरिकेने कोठडीत बंद करून, वर लेखी अभय देऊन, जपून ठेवला आहे.

हेडलीचे मूळ नाव दाऊद गिलानी. बाप पाकिस्तानी, आई अमेरिकी. १९८८ मध्ये हेरॉइनसह पकडला गेला आणि साथीदारांची नावे सांगून शिक्षा कमी करून घेतली. १९९७ मध्ये पुन्हा त्याच गुन्ह्यात सापडला आणि या खेपेस अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा, डीईएचा, खबऱ्याच झाला. ११ सप्टेंबर २००१ नंतर सारी अमेरिका विमानतळावर लोकांची झडती घेत होती. त्याच दिवसांत या दोनदा पकडलेल्या तस्कराच्या डोक्यावरची न्यायालयीन देखरेख मुदतीआधी उठवण्यात आली, आणि २००२ च्या आरंभी साहेब पाकिस्तानात लष्करच्या तळावर प्रशिक्षण घेत होते. २००६ मध्ये त्याने नाव बदलले. अमेरिकी पारपत्र, गोरा चेहरा, ख्रिस्ती नाव. ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये राणाच्या कंपनीचे इमिग्रेशन कार्यालय. शिकागोच्या न्यायालयात त्याने स्वतः दिलेल्या कबुलीनुसार २००६ ते २००८ या काळात तो पाच वेळा मुंबईत राहून गेला. ताजचे चित्रीकरण केले, होडीतून बंदर पाहिले, अतिरेक्यांनी कोठे उतरावे त्या जागा जीपीएसवर नोंदवल्या. या उद्योगासाठी पाकिस्तानी गुप्तचर यंत्रणा आयएसआयच्या ‘मेजर इक्बाल’ने २५,००० डॉलर मोजल्याचेही त्यानेच सांगितले आहे.

हे सारे अमेरिकेच्या नकळत झाले म्हणता? २००५ मध्ये त्याच्या न्यूयॉर्कमधल्या पत्नीने अमेरिकी तपास यंत्रणेला सांगितले की माझा नवरा लष्करचा माणूस आहे, पाकिस्तानात जाऊन शस्त्रे चालवायला शिकून आला आहे. २००७ च्या अखेरीस त्याची दुसरी, मोरोक्कोची पत्नी इस्लामाबादच्या अमेरिकी वकिलातीत गेली. तिनेही तेच सांगितले. वर ताजमध्ये राहिल्याचे फोटो दाखवले. ताजमध्ये! हल्ल्याला जेमतेम वर्ष उरले होते. दोन बायका, दोन खंडांतून, एकमेकींना न विचारता तेच सांगत होत्या. आणि जगातली सर्वांत बलाढ्य गुप्तचर यंत्रणा ते नवरा-बायकोचे भांडण समजून कागद बंद करत होती. पुढे २०१० मध्ये अमेरिकेने स्वतःच स्वतःची चौकशी करून निष्कर्ष काढला: माहिती काही प्रमाणात होती, पण तेव्हाच्या नियमांप्रमाणे हा माणूस भारतात हल्ल्याचा कट करतो आहे असे पुरेसे सिद्ध होत नव्हते. वा! मुंबईत १६६ माणसे मेल्यावर नियम पुरेसे नव्हते असे कळले. तो अहवाल भारताला पूर्ण मिळाला का? गोषवारा जगाला वाचून दाखवला, मूळ कागद कपाटात गेला.

आणि हल्ल्यानंतर तरी जाग आली का? नाही. जिवंत पकडलेला अतिरेकी कसाब मुंबईच्या तुरुंगात होता तेव्हा हेडली मोकळा फिरत होता. जानेवारी २००९ मध्ये तो ‘युलांड्स-पोस्टेन’ या वृत्तपत्राच्या कचेऱ्यांची टेहळणी करायला डेन्मार्कला गेला आणि मार्चमध्ये, आमच्या दारावरची सुतके अजून फिटलेली नसताना, पुन्हा भारतात येऊन पुढच्या लक्ष्यांची पाहणी करून गेला. त्याला पकडले कसे, तेही ऐका. २००९ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडमधील डर्बीत ज्यांना भेटला त्यांच्यावर ब्रिटिश गुप्तचरांची नजर होती. लंडनने वॉशिंग्टनला कळवले, वॉशिंग्टनने पाळत ठेवली आणि ३ ऑक्टोबरला शिकागोच्या विमानतळावर त्याच्या मुसक्या आवळल्या. मित्रराष्ट्रांचे सहकार्य पाहा कसे घड्याळासारखे चालले! फक्त ते युरोपातल्या एका छापखान्यासाठी चालले. सीएसटीच्या फलाटावर गाडीची वाट पाहत वळकटीवर बसलेल्या माणसासाठी त्या घड्याळाला कधी चावीच दिलेली नव्हती.

त्याच ऑक्टोबरची १५ तारीख. हेडली कोठडीत बोलू लागलेला, आयएसआयचे नाव घेऊ लागलेला. आणि अध्यक्ष ओबामा पाकिस्तानला पाच वर्षांत साडेसात अब्ज डॉलर देणाऱ्या केरी-लुगर कायद्यावर सही करत होते. एका हाताने जबानी लिहून घ्यायची, दुसऱ्या हाताने त्या जबानीतल्या आरोपीला धनादेश द्यायचा. याला राजकारण म्हणत असतील. आमच्या गिरगावात याला दुसरे नाव आहे आणि ते छापण्याजोगे नाही.

मार्च २०१० मध्ये सौदा झाला. हेडलीने कबुली द्यायची, साक्ष द्यायची. बदल्यात फाशी नाही आणि भारत, पाकिस्तान, डेन्मार्क यांपैकी कोणाच्याही हवाली करणे नाही. जानेवारी २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा. १६६ प्रेतांत सहा अमेरिकी नागरिकांचीही होती. त्यांच्या आप्तांनाही याच सौद्यावर समाधान मानावे लागले. भारतीय तपास पथकाला जून २०१० मध्ये शिकागोला जाऊन त्याला प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, ती सौदा पक्का झाल्यानंतर. मुंबईच्या न्यायालयाने त्याला पाहिले ते फेब्रुवारी २०१६ मध्ये, पडद्यावर, अमेरिकेतल्या अज्ञात ठिकाणाहून, आणि तेही माफीचा साक्षीदार म्हणून! मुंबईचा नकाशा काढणारा माणूस मुंबईच्या न्यायासनासमोर माफी घेऊन बसला आणि आम्ही त्याला ‘सहकार्याचा नवा अध्याय’ म्हटले.

आता आमच्याच घरातली घाण. २०११ मध्ये ‘द हिंदू’ने विकिलीक्सने फोडलेल्या अमेरिकी तारा छापल्या. त्यातल्या डिसेंबर २००९ च्या नोंदीप्रमाणे, तेव्हाचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार एम. के. नारायणन यांनी अमेरिकी राजदूत टिमोथी रोमर यांना सांगितले की हेडलीच्या प्रत्यार्पणासाठी प्रयत्न करताना दिसणे आम्हाला भाग आहे, पण तूर्त आम्ही ते मागत नाही. नोंद खरी असेल तर अमेरिकेला दोष देताना अर्धी जीभ आवरावी लागेल. दिसायला मागणी, आतून माघार! पुढे सरकार बदलले, घोषणा बदलल्या, छात्या रुंदावल्या. हेडली तिथेच राहिला. २०१० मध्ये दहशतवादविरोधी सहकार्याचा मोठा थाटाचा करार दोन्ही देशांनी केला, संयुक्त कार्यगट तर २००० पासून बसतो-उठतो आहे. एवढ्या बैठकांत त्या दोन बायकांच्या जबान्यांची प्रत मागून ती मिळवून देशासमोर ठेवणारा एक तरी मुत्सद्दी निघाला का?

आणि फक्त अमेरिका नव्हे. २०१४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘प्रोपब्लिका’ आणि ‘फ्रंटलाइन’ यांनी एडवर्ड स्नोडेनच्या कागदांच्या आधारे उघड केले की लष्करच्या संपर्कयंत्रणेचा प्रमुख झरार शाह याच्या संगणकावर ब्रिटनची गुप्तचर संस्था जीसीएचक्यू हल्ल्याच्या आधीपासून नजर ठेवून होती. त्याच्यावर भारतीयांचेही लक्ष होते. अमेरिकेकडे वेगळे धागे होते आणि तिने समुद्रमार्गे हल्ल्याचे इशारेही दिले. ताजचे नावही त्यांत होते. तिघांकडे तीन तुकडे, आणि तुकडे जोडले गेले ते ताजच्या घुमटातून धूर निघू लागल्यावर. इशारे मिळूनही ताजचा वाढवलेला बंदोबस्त सैल कसा झाला, किनाऱ्यावर गस्त नावापुरती का होती, हे प्रश्न आमच्या राज्यकर्त्यांच्याही गळ्यात आहेत. सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याच्या तुकाराम ओंबळेंनी गिरगाव चौपाटीवर कसाबची रायफल उघड्या हातांनी धरून ठेवली तेव्हा त्यांच्या मदतीला कोणती यंत्रणा होती? त्यांच्या हातात काठी होती.

बाकीच्या मित्रांचे आणि मित्रांच्या मित्रांचे पुराण थोडक्यात आटोपू. हेडलीला मुंबईत पाठवणारा साजिद मीर. तोच हल्ल्याच्या काळात फोनवरून नरिमन हाऊसमध्ये ओलिसांना मारण्याच्या आज्ञा देत होता. पाकिस्तान सांगत होता, तो मेला. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय आर्थिक कृती दलाच्या (एफएटीएफ) करड्या यादीतून सुटायची घाई झाली आणि मेलेला मीर अचानक जिवंत होऊन न्यायालयात उभा राहिला, १५ वर्षांची शिक्षा घेऊन आत गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाकिस्तान यादीतून बाहेर! मीरला संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत टाकायचा भारत आणि अमेरिकेचा प्रस्ताव जून २०२३ मध्ये चीनने अडवला. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझहरसाठी हाच चीन एक दशक आडवा पडला होता. चीनचे सोडा, चीन आमचा मित्र म्हणवत नाही. पण मीरच्या या पुनर्जन्मातून दिसले ते एवढेच की पैशाची नळी आवळली की पाकिस्तानातली थडगी उघडतात. ही नळी कोणाच्या हातात आहे? आमच्या ‘सामरिक भागीदारां’च्याच.

त्यांनी ती कशी वापरली ते २०२५ ने दाखवले. २२ एप्रिलला पहलगामला २६ जणांना मारले. त्यांत सहा महाराष्ट्राचे होते, डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. सुरक्षा परिषदेच्या निषेधपत्रकातून लष्करच्या ‘टीआरएफ’ या आघाडी संघटनेचे नाव गाळले गेले आणि ते आपण गाळवले असे पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री इशाक डार यांनी आपल्या संसदेत मिरवले. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स त्या टेबलावर बसलेले होते ना? ९ मे रोजी, सीमेवर तोफा चालू असताना, नाणेनिधीने पाकिस्तानचा एक अब्ज डॉलरचा हप्ता मंजूर केला. भारत मतदानापासून दूर राहिला, बाकीच्यांना अडचण दिसली नाही. जूनमध्ये अमेरिकी मध्यवर्ती कमांडच्या (सेंटकॉम) सेनापतींनी दहशतवादाविरुद्धचा विलक्षण भागीदार म्हणून पाकिस्तानला गौरवले, त्याच महिन्यात पाकिस्तानचे लष्करप्रमुख व्हाइट हाऊसमध्ये जेवले आणि सुरक्षा परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीचे उपाध्यक्षपद पाकिस्तानकडे आले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! जुलैमध्ये अमेरिकेने टीआरएफला दहशतवादी संघटना ठरवले, हेही खरे. तेवढ्यासाठी आमच्या परराष्ट्र खात्याने आभारपत्रांची रीघ लावली. दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या करणारा करार भारताने संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला तो १९९६ मध्ये. त्याचे घोंगडे अजून भिजत आहे, आणि जे भिजवत ठेवतात त्यांच्याशी आम्ही दरवर्षी एकजुटीच्या शपथा घेतो.

तेव्हा सरकारला आमचे साधे सांगणे आहे. पुढच्या संयुक्त कार्यगटात पहिला विषय ठेवा: २००५ च्या न्यूयॉर्कच्या आणि २००७ च्या इस्लामाबादच्या खबरींचे मूळ कागद, आणि २०१० च्या चौकशीचा पूर्ण अहवाल. ते मिळेपर्यंत संयुक्त निवेदनात सव्वीस-अकराचा उल्लेख करू नका. आमच्या मेलेल्यांच्या नावाने तुमच्या मेजवान्यांना नैतिकतेची फोडणी नको. हेडलीची मागणी दरसाल, लेखी, उघड करा, आणि नकार आला तर तोही दरसाल छापा, म्हणजे तो कोणाच्या सहीने येतो हे मुंबईला कळेल. ब्रिटनकडे झरार शाहच्या पाळतीच्या नोंदी मागा. आणि २००९ मध्ये दिल्लीत कोण, कोणाला, काय म्हणाले याची भारतीय बाजूची फाइल संसदेच्या पटलावर ठेवा. पंधरा वर्षे उलटली. त्या फायलीत आता कोणाचे प्राण वाचवायचे राहिलेले नाहीत, फक्त काही निवृत्त साहेबांची अब्रू वाचवायची आहे.

हिंमत असेल तर तिथून सुरुवात करा.