कुरण चरायचं की राखायचं?

कॉलेज सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की ते मेसेज ग्रुपवर पडायला लागतात. ‘फेस्टच्या कमिटीसाठी नावं द्या.’ ‘एनएसएसचा लीडर कोण होणार?’ ‘वाङ्मय मंडळाला सेक्रेटरी हवाय.’ तुम्ही नाव देता. मुलाखतीत ‘मला लीडरशिप स्किल्स डेव्हलप करायची आहेत’ हे ठेवणीतलं उत्तर देता. निवड झाली की इन्स्टाच्या बायोमध्ये एक ओळ वाढते. पुढचे आठ-दहा महिने धावपळ, भांडणं, रात्रीचा चहा, पुन्हा भांडणं. मार्चमध्ये सेंडऑफ, ग्रुप फोटो आणि ‘बेस्ट टीम एव्हर’. जूनमध्ये नवी मुलं येतात आणि शून्यापासून सुरुवात करतात. स्पॉन्सर्सचे नंबर कोणाकडे आहेत? माहीत नाही. मंडपवाल्याने गेल्या वर्षी किती घेतले होते? माहीत नाही. हिशेबाची वही? ती तर कोणी पाहिलेलीच नाही.

मग प्रश्न पडतो, हे एक वर्षाचं, बिनपगारी पद नेमकं असतं कशासाठी?

मला याचं सगळ्यात पटलेलं उत्तर मॅनेजमेंटच्या कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. ते मिळालं गवताचा विचार करणाऱ्या एका संस्थेच्या कारभारात. हसू नका, पुढे वाचा.

अमेरिकेत ‘सोसायटी फॉर रेंज मॅनेजमेंट’ नावाची संस्था आहे. ‘रेंज’ म्हटलं की आपण मोबाइल वर धरतो, पण इथे रेंज म्हणजे चराऊ रान, गवताळ माळ. तिथली गवताळ मैदानं बेसुमार नांगरली गेली, त्यात १९३०च्या दशकात दुष्काळ पडला आणि धुळीची वादळं उठली. पश्चिमेकडच्या सरकारी जमिनींवर कोणीही, कितीही गुरं सोडत होतं. त्याला आळा घालायला १९३४ साली चराईचा कायदा आला. पण नुसत्या कायद्याने गवत उगवत नाही. कोणत्या रानात किती जनावरं, किती दिवस, हे सांगणारी माणसं हवी होती. ती माणसं एकत्र आली आणि १९४८ साली ही संस्था उभी राहिली. गुरं पाळणारे रँचर, सरकारी खात्यातले अधिकारी, प्राध्यापक, विद्यार्थी असे सगळे एकाच संस्थेचे सभासद.

आता मुद्द्याची गोष्ट. या संस्थेचा अध्यक्ष फक्त एक वर्षासाठी असतो आणि त्या पदाला पगार नसतो. म्हणजे आपल्यासारखंच. पण त्याला थेट खुर्चीत बसवत नाहीत. सभासद निवडून देतात तो दुसरा उपाध्यक्ष. एक वर्षाने तो पहिला उपाध्यक्ष होतो आणि त्यानंतरच्या वर्षी अध्यक्ष. म्हणजे एक वर्ष मिरवण्याआधी दोन वर्षं शेजारी बसून शिकायचं. संचालक तीन वर्षांसाठी निवडले जातात, पण सगळे एकदम बदलत नाहीत. दर वर्षी थोडे जातात, थोडे येतात. त्यामुळे कोणत्याही बैठकीत ‘हे आधी कसं केलं होतं?’ असं विचारलं, तर उत्तर देणारं कोणीतरी खोलीत असतंच.

एवढा खटाटोप कशाला? कारण त्यांचं काम गवताशी आहे, आणि गवताला तुमच्या कार्यकाळाशी काही देणंघेणं नसतं.

गवताची वाढ होते ती जमिनीलगतच्या भागातून. म्हणून शेंडा खाल्ला तरी ते मरत नाही, पुन्हा फुटतं. पण फुटताना साठवलेली ताकद वापरतं. पुन्हा पुन्हा खाल्लं आणि मध्ये विसावा दिला नाही, की मुळं आखडत जातात. वरून रान हिरवंच दिसतं! जनावरांना आवडणारं गवत आधी कमी होतं आणि न आवडणारं त्याची जागा घेतं. ई. जे. डिक्सटरह्यूस या शास्त्रज्ञाने १९४९ साली याच संस्थेच्या नियतकालिकात ही गोष्ट नीट मांडली. चराई वाढली की घटणारी गवतं, आधी वाढणारी गवतं आणि बाहेरून घुसणारी गवतं असे गट पाडून रानाची तब्येत कशी ओळखायची, हे त्याने दाखवलं.

आपल्याकडेही हे दिसतं. मारवेल हे जनावरांचं आवडतं गवत. ते संपत गेलं की कुसळी वाढते. ट्रेकवरून आल्यावर सॉक्समध्ये घुसलेली कुसळं तुम्ही तासभर उपटत बसला असाल. त्या माळावर कुसळीचंच राज्य असेल, तर त्यामागे कोणाच्या तरी कितीतरी वर्षांच्या बेफिकिरीचा हात असू शकतो. पण ती नेमकी कोणाची, कुठल्या वर्षाची, हे सांगता येत नाही. ज्याने रान बिघडवलं त्याच्या काळात ते हिरवं होतं. ज्याने सुधारायला घेतलं त्याच्या काळात ते भकासच दिसणार. मग एका वर्षाच्या माणसाने आपलं काम मोजायचं तरी कसं?

इथेच आपल्या कमिट्या फसतात, असं माझं स्पष्ट मत आहे. एकच वर्ष हातात असलं की आपण त्या वर्षात ‘दिसेल’ असं काम निवडतो. वृक्षारोपणच घ्या. पावसाळ्यात एनएसएसचं युनिट एखाद्या माळावर जातं, खड्डे खणतं, रोपं लावतं, बॅनर धरून फोटो काढतं. हेतू चांगलाच असतो. राज्य सरकारनेही काही वर्षांपूर्वी ५० कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं, त्यातली ३३ कोटी एकट्या २०१९ सालातली. पण पुणे, सोलापूर, नगर भागातले कमी पावसाचे माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. ती मुळातच गवताची राज्यं आहेत. लांडगा, चिंकारा, माळढोक यांची घरं. धनगरांच्या मेंढ्यांची चराई. तिथे ग्लिरिसिडिया लावून सावली केली की खालचं गवत जातं, आणि गवत गेलं की त्यावर जगणारे सगळेच जातात. सरकारी नकाशांत अशा जमिनींचा बराच भाग ‘पडीक’ म्हणून नोंदलेला असतो, त्यामुळे कोणाला वावगंही वाटत नाही.

मग माळासाठी काय करता येईल? दर वर्षी त्याच चार-पाच जागी जाऊन एक चौरस मीटरची चौकट टाकायची, आत कोणती गवतं आहेत ते लिहायचं आणि फोटो काढायचा. पाच वर्षं. कंटाळवाणं आहे, मान्य. पहिल्या वर्षीच्या लीडरला त्यातून काही मिळणार नाही. पण पाचव्या वर्षीची मुलं ग्रामपंचायतीत जाऊन सांगू शकतील, ‘या तुकड्यात मारवेल वाढतंय आणि त्या तुकड्यात संपतंय.’ असं सांगू शकणारे आज किती जण आहेत?

आणि वेळ यापेक्षा चांगली कुठली? संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे गवताळ राने आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय. मंगोलियाने हा प्रस्ताव मांडला आणि २०२२ साली आमसभेने तो मंजूर केला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक नकाशासंग्रहानुसार पृथ्वीवरच्या जमिनीचा ५४ टक्के भाग अशा रानांचा आहे. निम्म्याहून जास्त! आपल्याकडे झाशीला १९६२पासून चारा आणि गवतावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आणि ‘रेंज मॅनेजमेंट सोसायटी ऑफ इंडिया’ ही अभ्यासकांची संघटनाही तिथलीच. आपल्यापैकी किती जणांनी यांची नावं ऐकली होती?

आता तुमच्या मनातला प्रश्न. ‘हे सगळं ठीक आहे, पण आमच्या हातात तीनच वर्षं असतात. प्लेसमेंट आहे, एंट्रन्स आहेत, अटेंडन्स आहे. त्यात फुकट का राबायचं? सीव्हीवर दिसणार नसेल तर कशाला?’

प्रश्न रास्त आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. ‘स्वयंसेवा’ या गोड शब्दाखाली कॉलेजं मुलांकडून भरपूर कामं करून घेतात. शिवाय फुकट काम करणं सगळ्यांना परवडत नाही. संध्याकाळी दुकानात काम करून फी भरणारी मुलगी रात्री नऊची मीटिंग कशी गाठणार? म्हणून कमिटीत पुन्हा पुन्हा तेच चेहरे दिसतात, ज्यांना प्रवासखर्चाची काळजी नाही. निदान रिक्षा-बसचे पैसे कमिटीच्या बजेटमधून दिले पाहिजेत आणि मीटिंग कॉलेजच्या वेळेतच झाली पाहिजे. हे मागायला लाजू नका. अमेरिकेतल्या त्या संस्थेतही पदाधिकारी स्वयंसेवक असले तरी रोजचं ऑफिस चालवायला पगारी माणसं आहेत. सगळा डोलारा कोणाच्या तरी उत्साहावर उभा ठेवायचा नसतो.

सीव्हीचं म्हणाल, तर ‘फेस्टचा पीआर हेड’ ही ओळ हजारो सीव्हींवर असते. ‘माझ्या आधीच्या तीन वर्षांचे हिशेब लावून पुढच्या टीमला दिले’ ही ओळ क्वचितच. समोरच्याने कोणाला जास्त प्रश्न विचारावेत, तुम्हीच सांगा.

आणि तीन वर्षं कमी नाहीत. त्या संस्थेच्या शिडीलाही तीनच पायऱ्या आहेत! एफवायला शेजारी बसा, एसवायला अर्धी जबाबदारी घ्या, टीवायला पद. एनएसएसमध्ये तर दोन वर्षांत २४० तासांचं काम ठरलेलंच असतं, म्हणजे शिडीची सोय आधीपासून आहे. फक्त सीनिअर्सनी ज्युनिअर्सना खुर्च्या उचलण्यापलीकडे काहीतरी द्यायला हवं. बजेटच्या मीटिंगला एफवायचे दोघं बसलेच पाहिजेत, असा साधा नियम करा. सगळी कमिटी एकदम बदलू नका. कामाची कागदपत्रं एकाच्या पर्सनल ड्राइव्हवर न ठेवता कमिटीच्या ईमेलवर ठेवा. आणि पद सोडताना दोन पानं लिहून द्या. काय जमलं, काय फसलं, कोणाकडे पैसे अडकलेत, कोणता माणूस शब्द पाळतो. ‘काय फसलं’ हा भाग सगळ्यात मोठा असू द्या. पुढच्यांना तोच उपयोगी पडतो.

आपल्या भाषेत कुरणाबद्दल दोन शब्दप्रयोग आहेत. एक रोज पेपरात येतो, ‘चराऊ कुरण’. म्हणजे पद मिळालं, आता मनसोक्त चरा. दुसरा जुना आहे, ‘कुरण राखणं’. पावसाळ्यात गुरं आत सोडायची नाहीत, गवत वाढू द्यायचं, बी पडू द्यायचं आणि मगच कापायचं. रेंज मॅनेजमेंटवाल्यांचाही एक ढोबळ नियम आहे: अर्धं घ्या, अर्धं राहू द्या. घेऊच नका, असं कोणीच म्हणत नाही. पदातून तुम्हाला ओळखी मिळतील, धीटपणा येईल, मजा येईल. ते सगळं जरूर घ्या. तो तुमचा वाटा आहे.

उरलेलं मात्र पुढच्या बॅचचं आहे. या वर्षी कमिटीसाठी नाव देणार असाल तर जरूर द्या. आणि पहिल्याच मीटिंगमध्ये मागच्या टीमकडे ती हिशेबाची वही मागा. नसेल, तर नवी वही तुम्ही आणा.